मागं फिरलेल्यांचा वकील

अप्पांकडे नवा पक्षकार आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "केलंस का?" असं ते कधी विचारत नसत. पानाला चुना लावता लावता, समोरच्याकडे न बघताच ते म्हणत, "कुठं थांबलास?" पक्षकार बिचारा गोंधळून जाई. गावाहून निघाल्यापासून त्याने वाटभर घोकून आणलेलं असे, की मी तिथं नव्हतोच, मी मामाच्या गावाला होतो, माझं नाव वैऱ्याने गोवलंय. त्या घोकंपट्टीत थांबण्याचा विषयच नसे. मग अप्पा विडा गालात सारून म्हणत, "बस. पाणी पी. आठवून सांग, घाई न्हाय." आणि त्याला आठवेपर्यंत ते खरोखरच दुसऱ्या कामाला लागत.

शिवमूर्तीअप्पा निजामाच्या अमदानीत उस्मानाबादला वकिली करत. सरकारी कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. मूळचे ते सास्तूरकडचे. घरात बोलणं निम्मं कानडी, कोर्टात सगळं उर्दू, आणि रागावले की मराठी. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी आणि डोक्याला पांढरा पटका. आवाज इतका मोठा, की घरी बोलू लागले तर त्यांच्या पत्नी आतून म्हणत, "कोर्ट तिकडंच ठेवून येत जावा." त्यावर अप्पा लगेच आवाज उतरवत. बायकोसमोर युक्तिवाद करणारा वकील खुळा असतो, असं त्यांचं मत होतं.

त्या काळी कोर्टात गुन्हा करण्याच्या प्रयत्नाला 'इक्दाम' म्हणत. खुनाचा इक्दाम, चोरीचा इक्दाम, आग लावण्याचा इक्दाम. म्हणजे गुन्हा पुरा झाला नाही, पण करायला माणूस निघाला होता, असा आरोप. अप्पांकडे असलेच खटले फार येत. गावात त्यांचं नावच 'इक्दामवाले वकील' पडलं होतं. वकिलांच्या खोलीतले टवाळ म्हणत, गुन्हा पुरा केला असेल तर दुसरीकडे जा, अर्धा केला असेल तर अप्पांकडे. अप्पांना हे ठाऊक होतं, आणि मनातून ते त्यांना आवडतही असावं.

मी हैदराबादेहून वकिलीची परीक्षा देऊन आलो आणि त्यांच्या हाताखाली उमेदवारी धरली. डोक्यात कायदा ताजा होता. पहिल्याच दिवशी मी त्यांना इरादा, तयारी आणि इक्दाम यांतला फरक धडाधडा म्हणून दाखवला. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छोटे वकील, लई झ्याक. आता माझं ऐक. मनात आलं ते देवानं बघावं. पायात आलं ते बायकोनं बघावं. हातात आलं तर मग सरकारनं." मी पाठ केलेल्या तीन पानांचा अर्थ त्यांनी तीन वाक्यांत सांगितला होता. शिवाय त्यात बायको कायद्यापेक्षा आधी येत होती, तेही खोटं नव्हतं.

ते सगळेच खटले जिंकत असं मात्र नाही. एकदा घरफोडीच्या प्रयत्नाचा एक खटला आला. गडी भिंत फोडताना सापडला होता. अप्पांनी जीव तोडून काम केलं, तरी त्याला सजा झाली. मी हळहळलो, तर अप्पा म्हणाले, "इरली बिडू." कानडीत त्याचा अर्थ, असू दे, सोड. पुढं म्हणाले, "भिंतीला भोक पडलं होतं, आणि कुत्रं भुंकलं म्हणून गडी पळाला. त्याला कुत्र्यानं थांबवलं. त्यात त्याचं काय?" माणूस स्वतः थांबला की दुसऱ्या कुणी त्याला थांबवलं, हा अप्पांच्या लेखी सगळ्यांत मोठा प्रश्न होता. जो आपणहून मागे फिरला, त्याच्यासाठी ते वाघासारखे लढत. परंड्याकडचा एक पोरगेला गडी सोनारीच्या जत्रेत कमरेला सुरा लावून वैऱ्याच्या मागावर गेला होता आणि भैरवनाथाच्या ओसरीतच रडत बसला. त्याला खुनाच्या इक्दामात गोवलं होतं. त्याची बाजू मांडताना अप्पांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत.

ही त्यांची वकिलीपुरती हुशारी नव्हती. स्वभावच तसा होता. एकदा आम्ही कोर्टाकडे निघालो. अर्ध्या वाटेत अप्पा एकदम थबकले आणि आले तसे घराकडे चालू लागले. मला वाटलं, काही कागद राहिला. घरात शिरून ते थेट चुलीपाशी गेले आणि पत्नीला म्हणाले, "सकाळी मिठावरून बोललो ते चुकलं." मग पुन्हा कोर्टाची वाट. पेशीला उशीर झाला, नाजिमसाहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, भरकोर्टात सुनावलं. अप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, संध्याकाळी सांगितलं असतं तर चाललं नसतं का? तर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मला माझंच खरं वाटाय लागलं असतं."

पण अप्पा म्हटलं की मला आठवतो तो लिंबाजीचा खटला. इतकी वर्षं झाली, तरी तो आठवला की मी आजही जरा सरसावून बसतो.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी कोप रचायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांच्यापुढे दिवा, नैवेद्य आणि आंबलीची बिंदगी, म्हणजे ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या आंबट पेयाने भरलेली मातीची घागर. घरची बाई आंबील शिंपडत शेताच्या हद्दीवरून फिरते. दिवस मावळायला लागला की वाळल्या गवताचा पलिता पेटवून पुरुषमाणूस शेताभोवती पळतो. त्या पलित्याला हेंडगा म्हणतात. रानातली इडापीडा त्या आगीबरोबर जावी, एवढाच त्याचा अर्थ.

लिंबाजी सास्तूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला कोरडवाहू शेतकरी. शेजारचं रान त्याच्या चुलतभावाचं, माणिकरावाचं. दोघांच्या मध्ये एक बांध, आणि तो बांध दर नांगरटीला थोडा थोडा लिंबाजीकडे सरकत आलेला. त्या येळवशीला लिंबाजीची बायको गोदावरी डोक्यावर बिंदगी घेऊन हद्दीवर आंबील शिंपडत चालली होती. माणिकराव आडवा आला, ही हद्द तुमची नव्हं म्हणाला आणि त्याने बिंदगी खाली पाडली. भरल्या सणाला, पोराबाळांसमोर आंबील मातीत गेली. आणि त्याच दिवशी, अंधार पडायच्या सुमाराला, माणिकरावाच्या राखणदाराने लिंबाजीला माणिकरावाच्या कडब्याच्या गंजीपासून पळताना पाहिलं. त्याच्या वहाणा तिथल्या कोपीच्या दारात मिळाल्या. जळका हेंडगा कोपीतल्या आंबलीच्या बिंदगीत मिळाला. अमीनसाहेब म्हणजे फौजदार. ते हैदराबादेकडचे, त्यांना येळवस ठाऊक नव्हती. त्यांनी ठरवलं की गडी गंजी पेटवणार होता, राखणदार ओरडला म्हणून त्याने पुरावा ताकात बुडवला आणि पळाला. आग लावण्याच्या इक्दामाचा खटला उभा राहिला. त्या गुन्ह्याला सजा वर्षांच्या हिशेबात होती. गोदावरी अप्पांच्या ओसरीवर येऊन बसली, पण रडली नाही. फक्त म्हणाली, "धनी आत गेलं तर बांध ऱ्हाणार न्हाय, अप्पा. आन् मग आमीबी."

आम्ही हवालातीत लिंबाजीला भेटायला गेलो. अप्पांनी सवयीने विचारलं, "कुठं थांबलास?"

"कोपीच्या तोंडाशी," लिंबाजी म्हणाला.

इतक्या वर्षांत हे उत्तर अप्पांना असं फाडकन कुणी दिलं नव्हतं. ते पान खायचं विसरले. लिंबाजीने सरळ सांगितलं की हेंडगा पेटवला तोच गंजी जाळायचं मनात धरून, बांध ओलांडला, गंजीपाशी गेला, हात वर केला. तेवढ्यात गंजीच्या बुडाशी माणिकरावाची कोप दिसली. आत दिवा तेवत होता, आणि त्याच्या उजेडात पाच दगड. ते त्याच्या बापाने नदीतून आणलेले. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या घराकडे, म्हणजे माणिकरावाकडे गेलेले. लहानपणी त्यांना चुना लावायचं काम लिंबाजीचं होतं. पुढं काय झालं ते त्यालाही नीट सांगता येईना. वहाणा काढल्या, आत जाऊन बसला, हेंडगा आंबलीत खुपसला, पाया पडला, बाहेर आला. मग राखणदार ओरडला.

बाहेर आल्याबरोबर मी अप्पांना म्हटलं, बचाव तर आयताच आहे. येळवशीला गावातला प्रत्येक गडी हेंडगा घेऊन पळतो. पळता पळता हा बांध ओलांडून गेला, बस्स. अमीनला काय कळतंय?

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी परीक्षा परत घ्यावी असं त्यांना वाटत असावं. "तू येळवस केलीस का कधी? हेंडगा घेऊन कुणी वहाणा घालून पळतं का? सगळे अनवाणी असतात. हा वहाणा घालून गेला, म्हणजे सणाला न्हाय गेला, दुसऱ्या कामाला गेला. अमीनला न्हाय कळणार, पण माणिकरावाला कळतंय." मी म्हटलं, पण अप्पा, तुमच्याच हिशेबाने याच्या तर हातात आलं होतं. अप्पा म्हणाले, "हातात आलं, खरं हाय. त्याच हातानं विझवलं." आणि मला बाहेर थांबायला सांगून ते पुन्हा एकटेच आत गेले. बऱ्याच वेळाने आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "तो कोर्टात सगळं सांगणार हाय. जाळायला गेलो होतो, हेसुद्धा." मी वाद घातला, हातापाया पडलो. अप्पा फक्त म्हणाले, "इरली बिडू."

पेशीच्या दिवशी कोर्टात अर्धं गाव लोटलं होतं. माणिकराव पुढच्या बाकावर, गोदावरी दाराशी उभी. टेबलावर मुद्देमाल म्हणून लिंबाजीच्या वहाणा. राखणदार सटवा साक्षीला उभा राहिला आणि शिकवल्याबरहुकूम बोलला, की आग गंजीला लागणारच होती, मी ओरडलो म्हणून हा पळाला. अप्पा उलटतपासणीला उठले. त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि त्या कुठं मिळाल्या, ते विचारलं. कोपीच्या दारात, सटवा म्हणाला. कशा पडल्या होत्या, एक इकडं एक तिकडं? न्हाय, जोडीनं ठेवल्या व्हत्या.

"जोडीनं," अप्पा म्हणाले. "तू ओरडलास, हा घाबरला. घाबरून यानं वहाणा काढल्या, जोडीनं ठेवल्या, वाकून कोपीत गेला, बिंदगीवरचं फडकं काढलं, हेंडगा विझवला, पांडवांच्या पाया पडला आणि मग पळाला. तवर तू काय करत होतास?"

लोक हसले. सटवा हसला नाही. तो माणिकरावाकडे बघत राहिला, मग त्याने मान खाली घातली. "म्या वरडलो तवा त्यो कोपीतनं बाहीर येत व्हता," तो म्हणाला. हातात काय होतं? "काय न्हाय."

खटला तिथेच जिंकल्यासारखा होता. सरकारी बाजूच्या वकिलाने कपाळ पुसलं. मी अप्पांची शेरवानी ओढून कुजबुजलो, आता बास, आता लिंबाजीला बोलू देऊ नका. अप्पा खाली बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

नाजिमसाहेब वयस्क, बारीक चणीचे, फार कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी लिंबाजीला विचारलं, तू तिथं कशाला गेला होतास? लिंबाजी म्हणाला, "सायेब, म्या जाळायलाच गेलतो." दुभाष्याने उर्दूत सांगायला तोंड उघडलं आणि तो अडखळला. त्याने अप्पांकडे पाहिलं, यातून काही निसटायची वाट आहे का, अशा नजरेने. अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "बोलला तसं सांगा." दुभाष्याने सांगितलं. लिंबाजी थांबला नाही. बायकोची आंबील मातीत गेली ते त्याने सांगितलं, हात वर केला ते सांगितलं, दिवा दिसला ते सांगितलं. शेवटी म्हणाला, "बापानं आणल्याले पांडव व्हते, सायेब. त्यास्नी जाळून घरी काय सांगू?"

सरकारी वकील आनंदाने उठला. आरोपी स्वतःच कबूल आहे, म्हणाला, आता राहिलं काय? नाजिमसाहेबांनी अप्पांकडे पाहून विचारलं, त्या कोपीत दिवा नसता तर तुमच्या पक्षकाराने काय केलं असतं?

अप्पा उठले. एरवी त्यांच्या आवाजाने खिडक्या थरथरत. त्या दिवशी ते इतक्या हळू बोलले, की मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं. म्हणाले, "हुजूर, दिवा नसता तर कदाचित जाळलं असतं. मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. पण दिवा होता, आणि हा थांबला. तोवर याला कुणी धरलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं. जे झालंच असतं त्याची सजा द्यायची ठरवली, तर आज या खोलीतून घरी कोण जाईल? मी तरी जाणार नाही." एवढं बोलून ते बसले. कायद्याचं एकही कलम त्यांनी काढलं नाही. तयारी कुठे संपते आणि इक्दाम कुठे सुरू होतो, यावर मी रात्रंदिवस खपून काढलेलं टिपण त्यांच्या खिशातच राहिलं.

नाजिमसाहेब बराच वेळ टेबलावरच्या वहाणांकडे बघत होते. मग त्यांनी निकाल सांगितला. गंजी पेटवणार तेवढ्यात आरोपी आपणहून मागे फिरला, राखणदाराच्या साक्षीतूनही तेच दिसतं, म्हणून आग लावण्याच्या इक्दामातून तो मोकळा. मात्र दुसऱ्याच्या रानात वाईट हेतूने शिरला, हे त्याने स्वतः कबूल केलं आहे, त्याबद्दल कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळी नाजिमसाहेब खुर्चीवरून उठेपर्यंत त्याने कोर्टातच बसून राहायचं. दाराशी उभ्या गोदावरीला कुणीतरी ते समजावून सांगितलं, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि मग मात्र रडली. माणिकराव कुणाशी न बोलता निघून गेला. आंबील पाडल्याची गोष्ट भरकोर्टात सगळ्या गावाने ऐकली होती. त्यानंतर तो बांध सरकला नाही, असं पुढे गोदावरीनेच मला सांगितलं.

त्या दुपारी लिंबाजी भिंतीशी जमिनीवर बसून राहिला. अप्पांचं दुसरं काम होतं, ते त्यांनी मला करायला सांगितलं. स्वतः शेरवानी सावरत लिंबाजीशेजारी जमिनीवर बसले. कोर्टाच्या शिरस्तेदाराने, म्हणजे मुख्य कारकुनाने, खुर्ची आणली, ती त्यांनी परत पाठवली. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. येणारे-जाणारे थबकून बघत होते. एवढा मोठा वकील एका कुणब्याला धीर द्यायला धुळीत बसलाय, ही गोष्ट त्या दिवशी धाराशिवच्या बाजारभर झाली. मी तर त्या दिवसापासून अप्पांच्या समोर खुर्चीत पाठ टेकून बसलो नाही. सत्य बोलून पक्षकाराला सोडवणारा वकील मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामशाही गेली, कोर्टातली उर्दूही हळूहळू गेली. अप्पांनी तोवर अंथरूण धरलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा आवाज पार बसला होता. पत्नी उशाशी बसून त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. ती आमची शेवटची भेट, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून मी इतके दिवस मनात राहिलेलं विचारून टाकलं. म्हटलं, अप्पा, नाजिमसाहेबांनी त्या दिवशी सजा दिली असती तर? लिंबाजीचा संसार गेला असता. एवढी जोखीम तुम्ही त्याच्या गळ्यात घातलीत कशी?

अप्पा हसले, मग त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी त्यांचा हात धरून होतो.

"मी कुठली घालतो," ते म्हणाले. "हवालातीत परत गेलो ते त्याला गप्प बसवायला गेलो होतो. म्हटलं, वहाणांवरून मी राखणदाराला उलटा करतो, तू तोंड उघडू नको, सुटशील. ऐकंना. म्हणला, 'अप्पा, आत जायचं तर जातो. पण म्या मागं फिरलो ह्ये एकदा तरी कुणाच्या कानावर पडू द्या. जलमात येवडीच येक गोष्ट केली म्या.' काय बोलणार मी? सगळे म्हणले, अप्पानं त्याला धीर दिला. माझे पाय कापत होते रे, छोटे वकील. त्याच्याजवळ बसलो, मग थांबले."